डर्बीत नवीन आलात? मे-जून घरात घालवू नका, आणि गाईपासून लांब राहा

दरवर्षी मार्च-एप्रिलकडे इंग्लंडमधल्या डर्बीला चार-पाच तरी नवीन मराठी कुटुंबं येतात. कोणी रोल्स रॉइसला, कोणी टोयोटाच्या प्लांटला, कोणी हॉस्पिटलमध्ये. घर, कौन्सिल टॅक्स, शाळा, जीपी (म्हणजे नेहमीचे डॉक्टर), पोळ्यांना कुठलं पीठ चांगलं, हे सगळं ग्रुपवर विचारलं की दहा मिनिटांत कळतं, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते मे आणि जूनबद्दल, कारण ते कोणी सांगत नाही. मी २००९ ला वाईहून इथे आले आणि पहिले तीन उन्हाळे फुकट घालवले. शनिवारी शॉपिंग सेंटर, रविवारी कोणाकडे तरी पावभाजी, आणि मग नोव्हेंबरात चारलाच अंधारून यायला लागलं की इथे करमत नाही म्हणून आईला फोन. अहो, जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, ऑफिसातून येऊन चहा पिऊन तासभर चालून आलं तरी उजेड शिल्लक राहतो, तो वाया घालवल्यावर हिवाळा जड जाणारच.

आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर पीक डिस्ट्रिक्ट सुरू होतं. १९५१ मध्ये झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला ताडोबा आठवतं, गेट, तिकीट, जिप्सी. इथे तसं काही नाही, गावं, शेतं, शाळा, पब सगळं पार्कच्या आतच आहे. आणि शेतांमधून पायवाटा जातात त्या सार्वजनिक आहेत हे नीट लक्षात घ्या. मी आणि नवरा पहिल्यांदा गेलो तेव्हा एका फाटकापासून परत फिरलो होतो, वाटलं कोणाच्या तरी मालकीत घुसतोय. फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण असेल तर ती चालणाऱ्यांची वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. त्या वाटेवरून जायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, शेत कोणाचंही असो. उघड्या डोंगरांवर फिरायचा हक्क मात्र सहज मिळालेला नाही, १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चढले होते आणि त्यातले पाच जण तुरुंगात गेले होते. त्यामुळे बिचकू नका. फक्त फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. दगडी भिंतीवर चढायचं नाही, ओलांडायला पायऱ्या केलेल्या असतात, शोधल्या की सापडतात.

आता गाय. हे वाचून झाल्यावर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

२०१४ च्या मे महिन्यात माझे आईबाबा आले होते. आपल्या सगळ्यांचेच आईबाबा मे-जूनमध्ये येतात, हवा बरी असते म्हणून. ॲशबर्नच्या पुढे एका सोप्या वाटेवर घेऊन गेलो, शेतात सात-आठ गाई आणि त्यांची वासरं. बाबांचं निम्मं आयुष्य गोठ्यात गेलेलं, वाईला घरी चार गाई होत्या. त्यांनी लांबूनच नमस्कार केला, आणि मग आम्ही फोटो काढतोय तोवर एका वासराची मान खाजवायला गेले. गाय मान खाली घालून सरळ अंगावर आली. बाबा मागे सरकले आणि दगडी भिंतीवर पडले, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. गाय तिथेच थांबली म्हणून निभावलं, इथे दरवर्षी गाईंनी तुडवून माणसं मरतात.

बाबा नंतर कितीतरी दिवस म्हणत होते की गाय असं करत नाही. आपली गाय करत नाही, कारण तिला रोज धारेला माणसाचा हात लागतो. इथे शेतात वासरांसकट सोडलेल्या असतात त्या बऱ्याचदा मांसासाठी पाळलेल्या जातीच्या, त्यांची धार कोणी काढत नाही, माणूस त्यांच्या अंगाला क्वचित हात लावतो. हिवाळाभर शेडमध्ये असतात, एप्रिल-मेमध्ये बाहेर सोडतात, नेमकी तेव्हाच वासरं लहान असतात आणि नेमके तेव्हाच आपण आईवडिलांना घेऊन फिरायला जातो. तेव्हा गाई-वासरं दिसली की कडेकडेने मोठा वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्यामध्ये कधीही जाऊ नका, पळू नका, ओरडू नका, शांतपणे चालत बाहेर पडा. कुत्रा बरोबर असेल आणि गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या, ती कुत्र्यामागे जाते, कुत्रा पळून जातो, तुम्ही पळू शकत नाही. वाटेवरच कळप उभा असेल तर मागे फिरा. काही जातींचे वळूही गाईंबरोबर असतील तर पायवाट असलेल्या शेतात ठेवायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा वळू कसा असेल इथे असं समजू नका.

आणि याचा दुसरा भाग पैशाचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज भरलाय, तुमचं एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) होतं. आईवडिलांनी भरलेला नसतो. इमर्जन्सी विभागात बघतात ते फुकट, पण तिथून ॲडमिट केलं की बिल सुरू, आणि व्हिजिटर व्हिसावाल्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट लावतात. बाबांचं ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, दोन रात्री ठेवलं. आम्ही भारतातून स्वस्तातला इन्शुरन्स घेतला होता, सत्तरीच्या पुढच्यांना अपघाताचं कव्हर जवळजवळ नाही हे आतल्या पानावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. चौदा महिने हप्ते भरले. पैशापेक्षा बाबांचा चेहरा आठवतो, आपल्यामुळे लेकीला खर्च झाला म्हणून ते पुढे घराबाहेरच पडेनात. आईवडिलांचं तिकीट काढण्याआधी पॉलिसीची सगळी पानं वाचा. वय, आधीचे आजार, ॲडमिट झाल्यावर कमाल रक्कम किती. आणि गाईपासून लांब.

आता चांगलं सांगते. डर्बीशायरमध्ये उन्हाळ्याच्या सुरुवातीला वेल ड्रेसिंग असतं, म्हणजे गावातली विहीर किंवा झरा फुलांच्या चित्राने सजवायचा. टिसिंग्टन गावचं सगळ्यात प्रसिद्ध, असेन्शन डेला सुरू होतं, म्हणजे ईस्टर धरून चाळिसावा दिवस, गुरुवार. ईस्टर पौर्णिमेवर ठरतो त्यामुळे ही तारीख आपल्या तिथीसारखी दरवर्षी हलते, कधी मेच्या सुरुवातीला, कधी जूनमध्ये, तेव्हा आधी बघून ठेवा. गावातले लोक दोन कारणं सांगतात, एक तर चौदाव्या शतकात प्लेग आला तेव्हा इथल्या शुद्ध पाण्यामुळे गाव वाचलं म्हणून, नाहीतर १६१५ च्या दुष्काळात आसपासचं सगळं आटलं तरी इथले झरे आटले नाहीत म्हणून. पाण्याचे आभार मानायचे ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. वर्क्सवर्थचं मेअखेरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला असतं, यूलग्रेव्ह आणि टाइड्सवेलचं जूनच्या शेवटाकडे. म्हणजे एक चुकलं तर दुसरं आहे.

पण नुसतं बघून फोटो काढून येऊ नका. आदल्या दोन-तीन दिवसांत फुलं लावायचं काम चालू असतं आणि त्यांना हात कमी पडतात. मी जवळच्या एका गावात व्हिलेज हॉलच्या बोर्डावर चिठ्ठी बघून गेले, सगळ्या साठी-सत्तरीच्या बायका आणि दोन आजोबा, एकही शब्द जास्तीचा न विचारता मला स्टूल दिलं. मोठ्या लाकडी फळ्या आधी काही दिवस तळ्यात भिजत घालतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं. त्यावर मीठ घालून मळलेली चिकणमाती थापतात. कागदावरचं चित्र मातीवर अंथरून रेघांवर टोचत जायचं, कागद काढला की मातीत ठिपके उमटलेले. मला एकदम आई आठवली, दिवाळीत ठिपक्यांच्या रांगोळीसाठी वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडायची ती. मग त्या ठिपक्यांवरून आल्डर नावाच्या झाडाची छोटी काळी बोंडं एकाला एक चिकटवून रेघा काढायच्या आणि मधली जागा एकेका पाकळीने भरायची.

मला आकाशाचा तुकडा दिला, निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या. मी वरून सुरुवात केली. शेजारच्या आजी काही बोलल्या नाहीत, स्वतःच्या भागात खालून वर लावायला लागल्या, हळूहळू, मला दिसेल अशा. पाच मिनिटांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, कौलं! प्रत्येक वरची पाकळी खालचीवर चढायला हवी म्हणजे पाऊस आला तरी पाणी घसरून जाईल. सगळं काढून परत लावलं. इथली माणसं अशीच आहेत, चुकलं म्हणून तोंडावर सांगणार नाहीत, त्यांच्या हाताकडे बघत राहायचं. आपल्या लोकांना वाटतं हे इंग्रज तुसडे आहेत, घरी बोलावत नाहीत. नाही बोलावत, पण कामाला बसलात की त्यांचे होता. त्या आजींमुळे माझ्या मुलीला पुढे पियानोच्या बाई मिळाल्या आणि मला बागेतले डेलियाचे कंद.

ईम नावाच्या गावाला एकदा जाच. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातल्या पिसवांबरोबर प्लेग गावात आला. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांच्या शब्दावर गावाने स्वतःला कोंडून घेतलं, रोग बाहेर जाऊ नये म्हणून. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. गावापासून थोडं चाललं की हद्दीचा दगड आहे, त्यात भोकं आहेत, बाहेरचे लोक तिथे अन्न ठेवायचे आणि गावकरी त्या भोकांत व्हिनेगर घालून त्यात नाणी टाकायचे. मुलांना हात लावून बघू द्या, शतकानुशतकं बोटं फिरून कडा गुळगुळीत झाल्यात. मी मुलीला तिथेच बसून सावित्रीबाईंचं सांगितलं, १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. तिला शाळेत ईम शिकवलं होतं, पुणं नव्हतं. ते आपण सांगायचं असतं.

आईवडिलांना चढ झेपत नसेल तर डर्बीहून मॅटलॉकच्या ट्रेनने क्रॉमफर्डला उतरा. रिचर्ड आर्कराइट या कारखानदाराने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली ती इथे, आता जागतिक वारसा आहे. शेजारून कालव्याकाठची वाट जाते, पूर्ण सपाट, बाबागाडीही जाते, आणि गाई नाहीत. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, मुंबईची पहिली गिरणी १८५४ ची, आणि ज्या कारखानदारीतून ती आली तिची सुरुवात या ओढ्यावर. नंतरच्या खेपेला बाबा तिथे बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत उभे होते.

२९ मे ला संध्याकाळी कॅसलटनला गारलँड असतं, फुलांची घंटेसारखी मोठी टोपी कमरेपर्यंत घातलेला राजा घोड्यावरून गावभर फिरतो आणि शेवटी ती टोपी दोरीने चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. गर्दी असते, लवकर जा.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना स्पष्ट सांगायची आहे. चाळीस जण, तीन स्पीकर आणि डिस्पोजेबल बार्बेक्यू घेऊन डोंगरावर जाऊ नका. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थला डोंगर पेटला तेव्हा सैन्य बोलवावं लागलं होतं, इथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची आहे, वरून विझली तरी आतून जळत राहते. थेपले, दशम्या, ठेचा, थर्मासमध्ये चहा, आपल्याइतका चालण्याचा डबा कोणाकडे आहे? कचरा परत घरी आणा. समोरून कोणी आलं की मान हलवून मॉर्निंग म्हणा, इथे शहरात कोणी बोलत नाही पण पायवाटेवर सगळे बोलतात.

बाकी किरकोळ. कागदी नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल २४, दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते. रविवारी आणि बँक हॉलिडेला बस कमी, परतीची शेवटची बस निघतानाच बघा. फुल पँट घाला, गवतातून आल्यावर पायांवर गोचीड बघा, लाल गोल चट्टा उठला तर जीपीला दाखवा. शिंका सुरू झाल्या तर सर्दी समजू नका, गवताचे परागकण असतात, फार्मसीत विचारा. शेताच्या फाटकापुढे गाडी लावू नका, ट्रॅक्टर अडतो. खिशात सुटे पौंड ठेवा, गावच्या जत्रेत केकच्या टेबलावर कार्ड चालेलच असं नाही.

या वर्षी पाकळ्या लावायला यायचं असेल तर मेच्या सुरुवातीला मला मेसेज करा, गाडीत तीन जागा आहेत. नखं कापून या, माती आत जाते. आणि वाटेत गाई दिसल्या तर मी गाडी थांबवणार नाही.