अठरा काजूबिया, एक कवडी: ऱ्होडेशिया वर्गात कसा शिकवावा

ऱ्होडेशिया म्हणजे आजचे झिंबाब्वे, तेव्हाची आफ्रिकेतली ब्रिटिश वसाहत. तिचा धडा बंदुकीपासून सुरू करू नका. गोव्यात फोंड्याच्या शाळेत मी पहिली काही वर्षे तीच चूक केली. लढाईच्या गोष्टी मुलांना आवडत. पण इतक्या थोड्या गोऱ्यांनी अख्खा देश हातात ठेवला कसा, असे विचारले की वर्ग गप्प. आता मी आधी जमिनीवर मोजणी मांडते.

घरून काजूच्या बिया आणि एक कवडी न्या. अठरा बियांसमोर कवडी ठेवा. 1965 साली ऱ्होडेशियात साधारण 40 लाख आफ्रिकी होते आणि गोरे सव्वादोन लाखांच्या आसपास. मग फळ्यावर तारीख लिहा: 11 नोव्हेंबर 1965. बहुसंख्याकांच्या राज्याची वाट मोकळी झाल्याशिवाय ब्रिटन स्वातंत्र्य द्यायला तयार नव्हते, म्हणून तिथले गोरे पंतप्रधान इयान स्मिथ यांच्या सरकारने ते स्वतःच जाहीर केले. इथे थांबा. आपल्या मुलांना स्वातंत्र्य म्हटले की 19 डिसेंबर 1961, गोवा मुक्तीचा दिवस, आठवतो. तोच शब्द बहुसंख्याकांना दाराबाहेर ठेवण्यासाठीही वापरला गेला, हे पचायला वेळ लागतो. तो द्या.

पुढे 66 बिया मांडा. 1969 च्या घटनेतल्या विधानसभेच्या या जागा. 50 कवडीकडे सरकवायला एखाद्या मुलीला सांगा. उरल्या 16. त्यातल्या आठ आफ्रिकी मतदारांनी निवडायच्या, आठ टोळीप्रमुखांच्या मंडळांनी. आणि प्रमुखांचा पगार सरकारकडून. या जागा वाढणार कधी? आफ्रिकी लोक आयकराचा जितका वाटा भरतील त्या मानाने, आणि वाढून वाढून निम्म्यापर्यंतच. ही अट दोनदा वाचून दाखवा. मला ती गोळीबारापेक्षा क्रूर वाटते.

कर भरायला पैसा कुठून येणार, हे मुले विचारतातच. तेव्हा खडूने चौकोन काढून मधोमध रेघ मारा. जमिनीची वाटणी 1930 च्या कायद्यापासूनच सुरू होती. 1969 च्या कायद्याने दोन्ही बाजूंना साधारण साडेचार-साडेचार कोटी एकर दिले. एका अर्ध्यात अठरा बिया, दुसऱ्यात ती एकटी कवडी. ज्यांच्या घरी भाटकार-मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचे, बोलणे कानावर पडते, त्या मुलांना पुढचे समजावावे लागत नाही.

नकाशा या टप्प्यावर काढा, आधी नको. ऱ्होडेशियाला समुद्र नाही. शेजारी मोझांबिक, तिथे पोर्तुगीज राज्य. स्मिथ सरकारचे तेल अडवायला ब्रिटिश युद्धनौका 1966 पासून तिथल्या बैरा बंदरासमोर उभ्या राहिल्या, तरी मोझांबिकचेच दुसरे बंदर लॉरेन्सू मार्किश आणि दक्षिण आफ्रिकेकडून तेल येतच राहिले. आजोबांच्या पेटीत बैराचा शिक्का असलेले एक पाकीट आहे. ते मी वर्गात हातोहात फिरवते. मग लिस्बनची 25 एप्रिल 1974 ची क्रांती सांगा. तिच्यामुळे 31 डिसेंबर 1974 च्या करारात पोर्तुगालने गोव्याचे भारतात असणे मान्य केले, आणि 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झाले. ऱ्होडेशियाची पूर्व सीमा गोऱ्या राजवटीविरुद्धच्या लढवय्यांना खुली झाली.

शेवटी 100 बिया. 1979 चे नवे नाव झिंबाब्वे-ऱ्होडेशिया, पंतप्रधान आफ्रिकी बिशप आबेल मुझोरेवा, 72 जागा आफ्रिकींच्या, 28 गोऱ्यांच्या. मुले इथे टाळ्या वाजवतात. वाजवू द्या. मग सांगा की घटनेची मुख्य कलमे बदलायला 78 मते लागत. वजाबाकी तुम्ही करू नका. सहा कमी पडतात हे कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडेल.

तास संपायच्या आत 18 एप्रिल 1980 गाठा, झिंबाब्वेचे स्वातंत्र्य. तिथेही 100 पैकी 20 जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या, पण निदान सात वर्षांपुरत्या. बिया तशाच ठेवून त्यांनाच पुन्हा मोजायला लावा.