गॅरेजच्या दाराची मोटर सोलरवर: पॅनेल घेण्याआधी हा हिशेब करा

सोलर म्हटलं की बहुतेक जण मोटरचे वॅट बघून पॅनेल घ्यायला निघतात. पण 500 वॅटची मोटर एका वेळी चालते जेमतेम 15 सेकंद, म्हणजे साधारण 2 वॅट-तास. मोटर दिवसातून दहा वेळा चालली तरी 20. खरी वीज खातात ते रिमोटसाठी दिवसरात्र जागा राहणारा रिसीव्हर आणि त्याच्यासाठी चालू ठेवलेला इन्व्हर्टर. रिसीव्हर-सेन्सरचे 5 वॅट धरले तर दिवसाला 120 वॅट-तास, इन्व्हर्टर लोड नसताना 10 वॅट घेत असेल तर आणखी 240. एकूण 380. त्यामुळे आधी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घेऊन 24 तासांचं रीडिंग काढा.

नवीनच ओपनर (दार वरखाली करणारं मोटरचं यंत्र) घ्यायचा असेल, तर बॅटरीवर चालणारा 24 व्होल्ट डीसी घ्या; इन्व्हर्टरच लागत नाही. मात्र 24 व्होल्टची लिथियम बॅटरी चार्ज होताना 28 व्होल्टच्या वर जाते. तेवढं ओपनरला चालतं का, हे माहितीपुस्तिकेत बघा.

आहे त्या एसी ओपनरसाठी 1000 वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरातल्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर लागेल, क्षणिक 2000 वॅट झेपणारा. सुरू होताना मोटर तिप्पट-चौपट करंट ओढते. मॉडिफाइड साइन वेव्ह स्वस्त पडतो, पण त्यावर मोटर तापते आणि कंट्रोल बोर्ड वेडंवाकडं वागतं. सिस्टीम 24 व्होल्टचीच करा. 12 व्होल्टवर करंट दुप्पट होतो, आणि नेमकं दार उचलताना बॅटरीची बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) ट्रिप होऊ शकते.

25.6 व्होल्ट, 50 अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी 1280 वॅट-तासांची होते. 80 टक्के वापरली तर ऊन नसताना अडीच दिवस निघतात. क्षणिक 100 अँपिअर देणारी बीएमएस बघून घ्या. दिवसाला 4 तास पूर्ण ऊन आणि 30 टक्के गळती धरली तर पॅनेल 136 वॅटचं पुरतं, पण ढगाळ दिवसांनंतर बॅटरी भरून यायला हवी, म्हणून 100 वॅटची दोन, सिरीजमध्ये (एकाला पुढे दुसरं जोडून). एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) 15 अँपिअर, 75 व्होल्टचा. एका पॅनेलवर सावली पडली तरी उत्पादन खूप घटतं, तेव्हा झाडाची फांदी आधी छाटा.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरी-इन्व्हर्टर केबल 16 चौरस मिलिमीटर, एक मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून 80 अँपिअरचा डीसी फ्यूज.

वीज वाचवायला इन्व्हर्टरचा पॉवर-सेव्ह मोड लावायचा मोह होतो. लावू नका. 5 वॅटचा लोड त्याला जाणवतच नाही, रिसीव्हर बंद पडतो आणि दाराबाहेर रिमोट दाबत बसावं लागतं. रिमोट अगदी जवळ आल्यावरच चालत असेल, तर बहुधा इन्व्हर्टर, कंट्रोलर किंवा हलक्या एलईडी बल्बचा रेडिओ गोंगाट नडतोय. इन्व्हर्टर रिसीव्हरच्या अँटेनापासून दोन-तीन मीटर लांब न्या, बल्ब बदलून बघा.

दार बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून मोटर सोडवा आणि दार हाताने अर्ध्यावर उचला. तिथेच थांबलं तर ठीक. धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग ढिली आहे, आणि मोटर दर वेळी जास्त करंट ओढणार. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, तिच्यातल्या ताणाने हात मोडतो. ते काम कारागिराचं. गॅरेजला दुसरं दार नसेल तर बाहेरून किल्लीने मोटर सोडवायची सोयही आताच करून घ्या.

बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज झाली तर कायमची खराब होते. थंड जागी लो-टेंपरेचर कटऑफ (फार थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी सोय) असलेलीच घ्या.