जीटीकेच्या कोडमध्ये साफसफाई करायला बसताना

जीटीके ही सी भाषेत लिहिलेली, ॲप्लिकेशनच्या खिडक्या-बटणं उभी करणारी लायब्ररी. तिच्यात नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला पहिलं काम बहुधा साफसफाईचंच येतं. डेप्रिकेटेड (चालू असले तरी वापरू नका असं जाहीर झालेले) कॉल बदला, कुणी वापरत नसलेलं फंक्शन काढा, तीन ठिकाणी उतरवलेला तोच कोड एका जागी आणा. सोपं म्हणून हे काम दिलं जातं आणि तिथेच गफलत होते. नवं फीचर चुकलं तर ते फीचर चालत नाही, एवढंच. साफसफाई चुकली तर वर्षानुवर्षं चालत आलेलं कुणाचं तरी ॲप्लिकेशन क्रॅश व्हायला लागतं, आणि ते तुमच्या मशीनवर इन्स्टॉलसुद्धा नसतं. म्हणून पुढचं कडक वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा. सी येतं, गिट येतं आणि जीऑब्जेक्टची तोंडओळख आहे, हे धरून चाललोय.

हा कोड एका काळात लिहिलेला नाही. 1.0 आलं 1998 मध्ये, 2.0 आलं 2002 मध्ये, 3.0 आलं 2011 मध्ये आणि 4.0 डिसेंबर 2020 मध्ये. या सगळ्या काळांतल्या सवयी एकेका फाइलमध्ये शेजारी शेजारी नांदतात. जुनाट दिसणारी ओळ निरुपयोगी असेलच असं नाही. बऱ्याचदा ती एखाद्या बगची दुरुस्ती असते आणि तिच्यावर कमेंट लिहायची राहून गेलेली असते. ओळ काढण्याआधी गिट ब्लेम बघा. ब्लेममध्ये नुसता इंडेंटेशनचा कमिट दिसला तर गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन ती ओळ पहिल्यांदा कधी आली ते शोधा. दहा मिनिटं जातात, पण रिव्ह्यूमधला एक अख्खा आठवडा वाचतो.

दुसरं म्हणजे एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या ॲप्लिकेशनचा लायब्ररीशी असलेला करार. एका मेजर आवृत्तीत पब्लिक गोष्ट काढता येत नाही. ट्रीव्ह्यू, कॉम्बोबॉक्स, डायलॉग हे सगळं 4.10 मध्ये डेप्रिकेटेड झालं, तरी 4 ची मालिका चालू आहे तोवर ते लायब्ररीत राहणारच. 'आता हे कोणी वापरत नाही' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. काढायचं असेल तर प्रायव्हेट हेडरमधलं काढा. आणि क्लास स्ट्रक्टमधली फंक्शन पॉइंटरं नीटनेटकी दिसावीत म्हणून वर्णानुक्रमे लावायला जाऊ नका. इन्हेरिट करता येणाऱ्या विजेटचं (बटण, लेबल असा खिडकीतला घटक) क्लास स्ट्रक्ट बाहेरच्या कोडमध्ये कंपाइल होऊन बसलेलं असतं. क्रम हलला की तो कोड भलतंच फंक्शन बोलावतो, आणि कंपाइलर चकार शब्द काढत नाही. नवा व्हर्चुअल मेथड घालायचा तर तो शेवटी, राखीव पॅडिंगमधली जागा घेऊन.

कामाला लागण्यापूर्वी बिल्ड नीट करून घ्या. मेसन या बिल्ड साधनात बी-सॅनिटाइझ पर्यायाला ॲड्रेस ही किंमत द्या, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारा सॅनिटायझर चालू होतो. कंपाइलर क्लँग असेल तर बी-लन्डेफ बंद करावं लागतं, नाहीतर लिंकिंगलाच गाडी अडते. लीक (मोकळी करायची राहिलेली मेमरी) शोधणं सुरुवातीला बंद ठेवा. फॉन्टकॉन्फिग आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लीकची यादी इतकी लांब येते की खरी चूक त्यात बुडून जाते. जी-डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला फेटल-क्रिटिकल्स द्या, म्हणजे क्रिटिकल इशारा आला की प्रोग्राम तिथेच थांबेल आणि बॅकट्रेस मिळेल. जीलिब, म्हणजे जीटीके जिच्यावर उभं आहे ती लायब्ररी, 2.76 च्या आधीचं असेल तर जी-स्लाइस या व्हेरिएबलला ऑलवेज-मॅलॉक देणंही गरजेचं आहे. त्या काळच्या स्लाइस ॲलोकेटरमुळे, म्हणजे जीलिबच्या स्वतःच्या मेमरी-वाटपामुळे, मोकळी केलेली मेमरी सॅनिटायझरला दिसतच नसे. 2.76 पासून स्लाइसचे कॉल सरळ सिस्टिमच्या मॅलॉककडे जातात, त्यामुळे नव्या जीलिबवर ही भानगड उरलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. यावर मी लांबण लावणार आहे, कारण साफसफाई करणारे हमखास अडकतात ते इथेच.

एखाद्या फंक्शनच्या सुरुवातीला सेल्फवर, म्हणजे ज्या ऑब्जेक्टसाठी ते चालतंय त्याच्यावर, रेफ (मी हे वापरतोय अशी नोंद) घेतलेला दिसतो आणि शेवटी अनरेफ, म्हणजे ती नोंद सोडणं. मध्ये चार-पाच ओळी. बघणाऱ्याला वाटतं की फंक्शन चालू आहे म्हणजे ऑब्जेक्ट जिवंत आहेच, मग ही जोडी कशाला? जोडी काढली जाते. कंपाइल होतं, सगळ्या टेस्ट पास होतात, डेमो चालतो. मर्ज होतं. आणि मग कुठल्या तरी ॲप्लिकेशनमध्ये, यादीच्या एका रांगेतलं 'काढून टाका' बटण दाबलं की क्रॅश.

आत काय घडतं ते पायरी पायरीने बघू. रांग एका बॉक्समध्ये आहे. तिच्यावर एकच रेफ आहे, बॉक्सने धरलेला. फंक्शनच्या मध्यात रांग एक सिग्नल सोडते. ॲप्लिकेशनने त्या सिग्नलला जोडलेला हँडलर रांगेलाच बॉक्समधून काढतो. त्यात काही गैर नाही, असं करायची पूर्ण मुभा आहे. बॉक्सने रेफ सोडला. सिग्नल सुटत असताना जीऑब्जेक्ट त्या इन्स्टन्सवर स्वतःचा एक रेफ धरून ठेवतो, त्यामुळे हँडलर चालू असेपर्यंत रांग जिवंत राहते. हँडलर संपला, सिग्नल संपला, तो रेफही सुटला. काउंट शून्य. डिस्पोज झालं, फायनलाइझ झालं, मेमरी मोकळी. आणि कंट्रोल परत तुमच्या फंक्शनमध्ये, सिग्नलच्या पुढच्या ओळीवर. तिथे सेल्फमधलं एखादं फील्ड फॉल्स करायचं असतं. सेल्फ आता नाही.

म्हणजे चूक सिग्नलच्या ओळीत नाही, हँडलरमध्येही नाही. ती पुढच्या ओळीत आहे. बॅकट्रेस वाचताना हे लक्षात नसेल तर दिवसभर चुकीच्या जागी खोदत बसाल.

टेस्टना हे का दिसत नाही? टेस्टमध्ये विजेट तयार केल्या केल्या त्यावर रेफ-सिंक केलेलं असतं, म्हणजे टेस्टच्या हातात स्वतःचा रेफ असतो. तो शेवटपर्यंत सुटत नाही, त्यामुळे काउंट मध्येच शून्यावर जाऊच शकत नाही. डेमोंमध्येही स्वतःच्याच हँडलरमध्ये स्वतःला काढून टाकणारं विजेट क्वचित असतं. टेस्ट हिरव्या आल्या तरी या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही, हे पक्कं धरा.

उपाय असा. रेफ-अनरेफची जोडी दिसली की त्या दोन ओळींच्या मधली प्रत्येक ओळ वाचा आणि विचारा: इथून कंट्रोल बाहेरच्या कोडकडे जातो का? सिग्नल सोडणं म्हणजे बाहेर. व्हर्चुअल मेथड बोलावणं म्हणजे बाहेर, कारण सबक्लास कुणाचाही असू शकतो. वापरणाऱ्याने दिलेला कॉलबॅक उघडच बाहेर. नोटिफायही बाहेरच, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. प्रॉपर्टी बदलल्याची सूचना हा साधा सिग्नलच आहे आणि त्याला कोणीही काहीही जोडू शकतं. फ्रीझ-नोटिफाय करून सूचना रोखून धरल्या असतील तर थॉ होताना त्या सुटतात, म्हणजे धोक्याची ओळ थॉची. विजेटला पेरेंटमधून सोडवणं हेही याच यादीत, कारण पेरेंटचा रेफ हा शेवटचा असू शकतो. लेबल एका बॉक्समधून दुसऱ्यात हलवताना आधी रेफ, मग काढणं, मग घालणं, मग अनरेफ, हा क्रम त्यासाठीच आहे.

यातलं एकही नसेल तर जोडी खुशाल काढा. अशा खरोखर फालतू जोड्याही आहेत, घाबरून सगळंच तसंच ठेवायची गरज नाही. यातलं काही असेल आणि त्याच्यानंतर सेल्फला हात लागत असेल, तर जोडी राहते आणि वर एका ओळीची कमेंट लिहायची: हँडलर आपल्याला नष्ट करू शकतो. पुढच्या माणसावर उपकार होतील. कधी तिसरा रस्ताही असतो: सेल्फची सगळी फील्डं आधी बदलून घ्या आणि सिग्नल अगदी शेवटी सोडा. पुढे हात लागत नसेल तर रेफची गरजच नाही. पण मग हँडलरला दिसणारी स्थिती बदलते. काल त्याला जुनी किंमत दिसत होती, आज नवी दिसेल. याला साफसफाई म्हणत नाहीत, हा वागणुकीतला बदल आहे. तो वेगळ्या कमिटमध्ये, स्पष्टीकरणासकट.

टेस्ट लिहायची तर अशी: बॉक्स तयार करा, त्यात विजेट घाला, विजेटवर स्वतःचा रेफ ठेवू नका, फक्त वीक पॉइंटर (रेफ न धरणारा, ऑब्जेक्ट गेला की नल होणारा) जोडा. हँडलरमध्ये बॉक्समधून विजेट काढा. मग तपासायचं ते फंक्शन बोलवा. शेवटी वीक पॉइंटर नल झालाय का ते बघा आणि सॅनिटायझर गप्प राहिला का ते बघा. दोन्ही हवं. नुसता क्रॅश न होणं हा पुरावा नाही. मोकळ्या केलेल्या मेमरीत जुनी किंमत बराच वेळ तशीच पडून असते आणि प्रोग्राम बिनबोभाट चालतो.

ऑटोपॉइंटर (स्कोप संपताच आपोआप सुटणारा पॉइंटर) वापरून ही जोडी छोटी करता येते आणि ते चांगलंच आहे. फक्त एका स्कोपमधले ऑटो व्हेरिएबल घोषणेच्या उलट क्रमाने सुटतात, हे बघून घ्या.

याच घराण्यातला दुसरा सापळा सेटरमध्ये असतो. जुना कोड नवी स्ट्रिंग आधी एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये डुप्लिकेट करतो, मग जुनी मोकळी करतो, मग नवी ठेवतो. तात्पुरतं व्हेरिएबल अनावश्यक दिसतं म्हणून कोणी आधी फ्री आणि मग डुप्लिकेट असं लिहितं. आता कोणी लेबलचा मजकूर गेटरने घेतला आणि तोच पॉइंटर सेटरला दिला, तर तुम्ही मोकळी केलेली स्ट्रिंग कॉपी करताय. जीलिब 2.76 पासून जी-सेट-स्ट्र आहे. ते बरोबर क्रम पाळतं आणि किंमत बदलली की नाही तेही सांगतं. किमान आवृत्ती परवानगी देत असेल तर तेच वापरा.

डिस्पोजबद्दल थोडक्यात. डिस्पोज एकापेक्षा जास्त वेळा चालू शकतं, फायनलाइझ एकदाच. म्हणून डिस्पोजमध्ये जी-क्लिअर-ऑब्जेक्ट, जे पॉइंटर नल करून ठेवतं. 4 मध्ये कंटेनर हा बेस क्लास राहिला नाही, त्यामुळे मुलांना अनपेरेंट करणं ही विजेटची स्वतःची जबाबदारी आहे. विसरलात तर फायनलाइझ होताना 'अजून मुलं शिल्लक आहेत' असा इशारा येतो. तो दाबून टाकू नका, तो तुमच्या बाजूने आहे.

ट्रीव्ह्यूचा कोड लिस्टव्ह्यू किंवा कॉलमव्ह्यूवर नेत असाल तर फॅक्टरीचे (रांगांचे विजेट बनवणाऱ्या ऑब्जेक्टचे) चार टप्पे जोडीजोडीने लिहा: सेटअपची जोडी टेअरडाउन, बाइंडची अनबाइंड. स्क्रोल करताना रांगेचं विजेट पुन्हा वापरलं जातं. बाइंडमध्ये जोडलेला सिग्नल अनबाइंडमध्ये तोडला नाही तर एका क्लिकला हँडलर तीनदा, पाचदा चालतो. दहा ओळींच्या यादीत हे दिसत नाही, हजार ओळी घालून वरखाली स्क्रोल करा.

शॉर्टकटबद्दल माझं मत ठाम आहे. सेड या कमांडने शंभर फाइलींत शोधून बदलणं हा कष्ट वाचवण्याचा मार्ग नाही, ते कष्ट रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं आहे. मॅक्रो, कमेंट, डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं, सगळं एकाच फटक्यात बदलतं. यांत्रिक बदलच करायचा असेल तर कॉक्सिनेल हे साधन शिका. ते सीची रचना समजून बदलतं, आणि वापरलेला नियम कमिट मेसेजमध्ये चिकटवता येतो, म्हणजे रिव्ह्यू करणारा तो स्वतः चालवून बघू शकतो. एलएलएमने (एआयच्या भाषा-मॉडेलने) सुचवलेला पॅच पाठवायचा असेल तर त्यातल्या प्रत्येक रेफचं कारण तोंडी सांगता यायला हवं. नाही सांगता येत? मग तो पॅच अजून तुमचा झालेला नाही.

मेंटॉर निवडताना, जो तुमचा पॅच स्वतःच दुरुस्त करून मर्ज करतो त्याच्यापेक्षा 'ही ओळ काढलीस तर कोण तुटेल?' असं विचारून थांबणारा धरा. पहिला वेळ वाचवतो आणि तुम्ही तिथेच राहता. रिव्ह्यूमधले त्रोटक शेरे मनाला लावून घेऊ नका. तीन शब्दांचं उत्तर म्हणजे राग नव्हे, समोर रांगेत आणखी बऱ्याच मर्ज रिक्वेस्ट असतात, इतकंच.

कमिट लहान ठेवा: इंडेंटेशन एकात, नाव बदलणं दुसऱ्यात, काढणं तिसऱ्यात. गिट रिबेसच्या एक्झेक पर्यायाने प्रत्येक कमिटवर बिल्ड आणि टेस्ट चालवा. मधला एक कमिट जरी बिल्ड होत नसला तरी पुढे बायसेक्टने बग कुठल्या कमिटमध्ये आला ते शोधणारा तिथे अडकतो.

आणि एवढं करूनही कधीतरी तुमचा बदल रिव्हर्ट होईल. होतोच, अनुभवी लोकांचाही होतो. तेव्हा रिव्हर्टवर वाद घालू नका, तो आधी मर्ज होऊ द्या. तुटलेल्या ॲप्लिकेशनमधून तीस-चाळीस ओळींचा छोटा प्रोग्राम काढा ज्यात तोच क्रॅश होतो, त्याची टेस्ट बनवा, आणि नवी रिक्वेस्ट पाठवताना पहिला कमिट त्या टेस्टचा ठेवा, दुसरा तुमच्या दुरुस्त बदलाचा.