रोजचं वचनवाचन मोडतं कुठे आणि पुन्हा बसवायचं कसं

वर्षाच्या पहिल्या उपासनेत ठरतं, यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण वाचायचं. अध्याय १,१८९, दिवस ३६५. म्हणजे रोज सव्वातीन अध्याय. पहिलं पुस्तक उत्पत्ती झरझर होतं. दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमाच्या, २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं लागतात, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विधिनियमांचं तिसरं पुस्तक लेवीय समोर येतं आणि बहुतेकांचं वाचन तिथेच अडतं. मग माणूस स्वतःच्या विश्वासाला दोष देत बसतो. दोष बहुतेक वेळा आखणीचा असतो: वाटा मोठा, वेळ मोघम आणि चुकलेल्या दिवसांची थकबाकी.

आधी वाटा लहान करा. मार्ककृत शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक) घ्या, अध्याय १६च आहेत. पण रोज एक अध्याय असंही नको. पहिल्या अध्यायात ४५ वचनं (क्रमांक दिलेले छोटे भाग) आहेत आणि ती सात प्रसंगांत सहज वाटली जातात: १-८, ९-१३, १४-२०, २१-२८, २९-३४, ३५-३९, ४०-४५. झाला आठवडा. पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रार्थना, एवढंच.

"सकाळी करीन" ही वेळ नव्हे. ठाण्या-नवी मुंबईतल्या घरात सकाळी पाणी, डबे, मुलांची व्हॅन आणि लोकल एकाच तासात येतात. रोज न चुकता होणारं एखादं काम निवडा आणि वाचन त्याला जोडा: चहा गाळून झाला की, किंवा ऑफिसात पोचून पंच करण्याआधी. ठाणे-वाशी प्रवास साधारण अर्ध्या तासाचा असला, तरी गर्दीत एक हात दांडीला, दुसरा बॅगेला. वाचन होत नाही. तिथे ऐकावं. ऑडिओ घरीच डाउनलोड करून ठेवा आणि नवे अध्याय ऐकत सुटण्यापेक्षा सकाळचाच उतारा दोनदा ऐका. मात्र प्रवासातलं ऐकणं ही जोड आहे. बसून केलेल्या प्रार्थनेची जागा ते घेत नाही.

वन रूम किचनमध्ये दार लावून बसायला खोली नसते. बाल्कनीतलं स्टूल किंवा ओट्याचं टोक चालतं, पण जागा रोज तीच हवी. घरच्यांना स्पष्ट सांगा: "सहा ते सव्वासहा मला हाक मारू नका, आई." रात्रीच शास्त्र उघडून, उताऱ्यावर पेन्सिल ठेवून झोपा. मोबाइल दुसरीकडे चार्जिंगला लावा. मोबाइलवरच वाचत असाल तर आधी एअरप्लेन मोड.

आता वाचायचं कसं, हे मार्क १:३५-३९ वर पाहू. उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. आदल्या संध्याकाळी दाराशी सगळं गाव लोटलं होतं. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात जातो आणि त्याचा शिष्य शिमोन सोबत्यांसह त्याला शोधत येतो: सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे व्यत्यय त्याच्याही प्रार्थनेत आला. पण तो गर्दीकडे परतत नाही, पुढच्या गावांकडे निघतो. यातली मनाला लागलेली एकच गोष्ट वहीत एका ओळीत लिहा आणि तीच प्रार्थनेत म्हणा: "प्रभू, आज मलाही सगळे शोधतील, त्यातलं माझं काम कोणतं ते दाखव." जास्त लिहायला गेलात की वही आठवड्यात बंद पडते.

प्रार्थनेत गॅसचं बुकिंग, शाळेची फी आठवणारच. शेजारी कागद ठेवा, दोन शब्द टिपा, परत वळा. मनाशी झगडत बसण्यात जास्त वेळ जातो. मध्यस्थीची यादी (ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची) चाळीस नावांची असेल तर ती पाठांतरासारखी घडाघडा म्हटली जाते. वारांमध्ये वाटून रोज पाच-सहाच नावं घ्या.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना जुनं भाषांतर जड जातं. त्यांनी खुशाल सोप्या मराठीतलं घ्यावं. कॅथलिक घरात जपमाळेची पाचही रहस्यं (तिचे पाच भाग) जमत नसतील तर एक रहस्य शांतपणे म्हणावं.

काही आठवडे प्रार्थना कोरडी जाते. अशा वेळी उसना उत्साह आणू नका. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ किंवा ८८ आपल्या तोंडून म्हणा. ८८वं तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाशी केलेलं बोलणं आहे.

दिवस चुकला तर भरपाई नको. दुसऱ्या दिवशी फक्त पुढचा एक वाटा. थकबाकी फेडायला गेलेले बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात वाचन सोडतात. एका आठवड्यात तीन दिवस चुकले तर निवडलेली वेळ चुकीची आहे असं समजा आणि ती बदला.

ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ ठरवूच नये. घरी येऊन आंघोळ झाली की, झोपण्याआधी, असं ठरवावं. बसलं की डोळा लागतो, म्हणून उभं राहून मोठ्याने वाचावं. त्यासाठी स्तोत्र ११९ सोयीचं: १७६ वचनं, आठ-आठ वचनांचे २२ भाग. महिन्यातल्या कामाच्या रात्रीही साधारण तेवढ्याच भरतात.