फ्लाय-फिशिंगसाठी बेलीझला निघालात? आधी या चुका टाळा

गेली काही वर्षं आम्ही दोघं ह्यूस्टनहून मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जातोय. मी फ्लाय-रॉड (फ्लाय म्हणजे हलकं खोटं आमिष, ते फेकून मासे धरायची काठी) घेऊन, बायको स्नॉर्कल आणि पुस्तकं घेऊन. ओळखीतलं कुणी पहिल्यांदा निघालं की मला फोन येतो, आणि परतल्यावर आणखी एक येतो. त्या दुसऱ्या फोनमधलं रडगाणं दर वेळी तेच असतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मासा लागला की रॉड वर उचलणं. नदीतल्या ट्राउटवर ज्यांचा हात बसलाय, ते सगळे हे करतात. मीही केलं. अँबरग्रिस के या बेटावरच्या सान पेद्रो गावाच्या मागच्या बाजूला, खारफुटीच्या कडेला, गुडघाभर पाणी होतं. मागच्या चौथऱ्यावरून लांब काठीने बोट ढकलत गाइड हळूच म्हणाला, "अकरा वाजता, चाळीस फूट." (बोटीचं टोक म्हणजे बारा, त्यावरून घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगतात.) फ्लाय बरी पडली. बोनफिश, म्हणजे उथळ पाण्यातला चंदेरी मासा, मागे आला, डोकं खाली घातलं, शेपटी पाण्याबाहेर येऊन चांदीसारखी चमकली. मी रॉड उचलला आणि फ्लाय माझ्या खांद्यावरून मागे गेली. त्या सकाळी असं तीनदा झालं. चौथ्यांदा गाइड चौथऱ्यावरून उतरून पुढे आला, रॉडची मूठ माझ्या काखेत खुपसली आणि म्हणाला, "आता दोन्ही हातांनी नुसती लाइन ओढ." रॉड उचलायला हातच मोकळा राहिला नाही. पुढचा मासा लागला.

कारण साधं आहे. बोनफिशचं तोंड खालच्या अंगाला असतं आणि तो तळावरचे खेकडे-कोळंबी टिपतो. रॉड उचलला की फ्लाय त्याच्या तोंडातून आणि पाण्यातूनही निघून जाते. रॉडचं टोक खाली, माशाकडे ठेवून डाव्या हाताने लाइन लांब ओढली तर हूक नीट रुततो. नाही रुतला तरी फ्लाय फूटभरच पुढे सरकते, आणि पळणाऱ्या भक्ष्यामागे मासा पुन्हा येतो. टारपन या मोठ्या माशाचा जबडा तर हाडासारखा कडक असतो, तिथे रॉड उचलून काहीच होत नाही.

हे बोटीवर शिकता येत नाही, घरून शिकून जावं लागतं. माझी सवय अशी: निघायच्या आधी महिनाभर, रोज संध्याकाळी वीस मिनिटं मागच्या अंगणात. लीडरचं, म्हणजे लाइनच्या पुढच्या बारीक दोरीचं, टोक बायकोच्या हातात. ती मनात येईल तेव्हा हलका झटका देते, मी रॉड न हलवता लाइन ओढतो. मग ती "दहा वाजता, तीस फूट" असं ओरडते आणि मी दोन झोक्यांत तिथे ठेवलेल्या ताटलीपाशी फ्लाय टाकायची. ज्या दिवशी वारा असतो त्या दिवशी सराव मुद्दाम करायचा, कारण तिथे १५ नॉटचा वारा ही रोजची गोष्ट आहे. बिनवाऱ्याच्या हिरवळीवर सत्तर फूट फेकणारे मी बरेच पाहिलेत. वाऱ्यात, मासा सरकत असताना, पटकन चाळीस फूट टाकणारा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त मासे पाहतो. सराव टाळून नवं महागडं रीळ घेण्यात लोकांना कसला आनंद मिळतो ते मला कळत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. थंड पाण्यासाठीची लाइन नेऊ नका, उन्हात ती मऊ पडून रॉडवरच्या कड्यांत चिकटते. बोनफिशला ८ नंबरचा रॉड (नंबर मोठा तितका रॉड दणकट), पर्मिट नावाच्या माशाला ९ किंवा १०, मोठ्या टारपनला ११-१२. पोलराइज्ड चष्म्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवू नका, आणि तांबूस काच घ्या. पायाशी पडलेल्या लाइनवर उभे राहू नका. मी बोटीवर अनवाणी असतो, लाइन पायाखाली आली की लगेच कळतं. पाण्यात चालताना पाय उचलू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेला पाकट आधीच सरकतो. रोज संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याने धुवा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेचा गार वारा कधीही येतो, म्हणून मी मार्च ते मे गाठतो. बोनफिश, पर्मिट आणि टारपन हे तिन्ही मासे २००९ पासून तिथे कायद्याने सोडूनच द्यावे लागतात. फोटोसाठी मासा पाण्याबाहेर धरून बसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दमलेला मासा सोडला की बराकुडा हा शिकारी मासा टपलेलाच असतो.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही पहिलीपेक्षा महाग पडते. "बायको काय, बीचवर आराम करेल" असं स्वतःच ठरवून टाकणं.

आमच्या पहिल्या सहलीत मी आडबाजूच्या एका बेटावरचा लॉज घेतला. मासे भरपूर, बाकी काही नाही. मी पहाटे सहाला निघायचो, चारला परत यायचो. पाचला वाळूमाश्या सुटायच्या आणि दोघांनाही खोलीत कोंडून घ्यावं लागायचं. सहाव्या संध्याकाळी माझं लक्ष खिडकीकडे गेलं. चौकटीवर शिंपल्यांच्या सहा ओळी नीट लावलेल्या होत्या, दिवसाला एक. तिने तक्रारीचा शब्द काढला नव्हता. मी मात्र सहा दिवस जेवताना फक्त माशांबद्दल बोललो होतो.

तेव्हापासून मी जागा तिला विचारल्याशिवाय ठरवत नाही. अँबरग्रिस केवर सान पेद्रोत राहिलं तर माणूस अडकत नाही. गोल्फ कार्ट भाड्याने मिळते, इंग्रजी सगळीकडे चालतं, अमेरिकन डॉलर घेतात आणि एकाला दोन बेलीझ डॉलर हा हिशेब ठरलेला आहे. १९८७ पासून राखीव असलेलं होल चान हे समुद्रातलं क्षेत्र बोटीने जवळ आहे. तिथे प्रवाळ, आणि शार्क रे अ‍ॅलीत शांत नर्स शार्क आणि पाकट अगदी अंगालगत पोहतात. लामानाईचे माया अवशेष पाहायला नदीतून बोट जाते, वाटेत मगरी दिसतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा: गावासमोरच्या किनाऱ्यावर समुद्री गवत असतं. पोहायचं तर लाकडी धक्क्यावरून उडी मारायची. पांढऱ्या वाळूची स्वप्नं घेऊन आलेल्या माणसाला हे तिथे गेल्यावर कळलं तर पहिला दिवस वाया जातो.

आणि पूर्ण दिवसाच्या फेऱ्या एकापाठोपाठ एक बुक करू नका. मी अर्धा दिवस घेतो, भरती-ओहोटीची वेळ पाहून, आणि जेवायला परत. सहापैकी एक दिवस रॉड खोलीतच. एक फेरी दोघांनी मिळून करायची. मागच्या वेळी ती बोटीच्या मध्यावर बर्फाच्या पेटीवर उभी होती. मी मासा शोधत होतो, ती सावली. बोनफिश आरशासारखा असतो, तो दिसत नाही, तळावरची त्याची सावली दिसते. गाइडच्या आधी तिनेच हात केला, "नऊ वाजता, तीस फूट, दोन आहेत."