पुशबॅक सीट अडकली? आधी केबल बघा

ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या कॅम्परमध्ये सीटची पाठ अडकली की बहुतेक जण लिव्हर आणखी जोरात ओढतात. त्याने लिव्हरला सीटच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या केबलची टोकाची गोळी तुटते आणि छोटं काम मोठं होतं. लिव्हरची ओढ नेमकी कुठे अडते, ते आधी शोधा.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चावी काढा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्टच्या यंत्रणेचा असू शकतो. तिथे हात न लावता गाडी वर्कशॉपला न्या.

आता टॉर्चने खाली बघा. इंदूरच्या गाड्यांत इथे माळव्याची धूळ आणि शेवेचा चुरा हमखास सापडतो, आणि तेलकट चुऱ्याचा धुळीबरोबर घट्ट लेप बसतो. सीट कव्हरची इलॅस्टिक किंवा हूक यंत्रणेत गुंतलाय का, तेही पाहा. हे कारण फार वेळा निघतं. ब्रश आणि व्हॅक्यूमने सगळं साफ करा. पेट्रोल वापरू नका: बंद गाडीत वाफ साचते आणि फोमही खराब होतो.

मग एकाला लिव्हर ओढायला सांगा आणि तुम्ही गॅस शॉकरच्या (पाठ धरून ठेवणाऱ्या, गॅस भरलेल्या नळीच्या) टोकाची पिन बघा. अनेक शॉकरमध्ये ती 2-3 मिलिमीटर आत गेल्याशिवाय पाठ सुटत नाही. पिन हलतच नसेल, तर सपाट लोखंडी पट्टीने ती थेट दाबा. दाबण्याआधी दुसऱ्याने पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवायची. रिकामी सीट झटक्यात सरळ होते, म्हणून चेहरा आणि बोटं तिच्या वाटेतून बाजूला.

पाठ सुटली, म्हणजे शॉकर ठीक आहे आणि दोष केबलचा. केबलचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटच्या खाचेतून निसटलं असेल तर परत बसवा. आतली तार ढिली असेल तर लॉक नट सैल करून अ‍ॅडजस्टर फिरवा, पण लिव्हरला 1-2 मिलिमीटर मोकळीक राहू द्या. तार पूर्ण ताणली तर पिन थोडी दबलेलीच राहते आणि पाठ आपोआप मागे सरकू लागते. तारेचे पदर सुटले असतील तर केबल बदलाच. जुनी केबल सोबत घेऊन इंदूरच्या सियागंज बाजारात जा. आवरणाची लांबी, तारेची लांबी आणि दोन्ही टोकं जुळायला हवीत.

सांध्याचे बोल्ट गंजले असतील (पावसाळ्यात मांडूला जाऊन आलेल्या गाडीत हे होतंच) तर गंज सोडवणारं तेल फडक्यावर घेऊन लावा, 15 मिनिटं थांबा, पुसा आणि पांढरं लिथियम ग्रीस पातळ फासा. केबलला आतून नायलॉनचं अस्तर असेल तर त्यात तेल ओतू नका, धूळ चिकटते.

पिन पूर्ण दबूनही पाठ हलत नसेल, तर शॉकरचा दांडा वाकलाय का बघा. वाकला असेल किंवा तेल गळत असेल तर शॉकर बदला. नवा घेताना बंद-उघडी लांबी, टोकाचे आटे आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा जुळवा. जुना कापू, भोक पाडू किंवा तापवू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

शेवटी माणूस बसवून पाठ वेगवेगळ्या 5 जागी लॉक करा आणि प्रत्येक जागी जोराने मागे रेटा. एकाही जागी सरकली तर अ‍ॅडजस्टर पुन्हा तपासा, आणि दुरुस्त होईपर्यंत धावत्या गाडीत त्या सीटवर कुणाला बसवू नका.