आठवीत संस्कृत घेताना: वनस्पतिशास्त्राच्या वाटेवरचा अनुभव

सातवीची वार्षिक परीक्षा जवळ आली की पुण्यातील अनेक मराठी घरांत, संपूर्ण संस्कृत घ्यावे, संपूर्ण हिंदी घ्यावे, की दोन्ही पन्नास-पन्नास गुणांचे संयुक्त घ्यावे, यावर खल सुरू होतो. आमच्या घरी तो पाच मिनिटांत आटोपला, कारण माझ्या आतेबहिणीने 'संस्कृत स्कोअरिंग आहे' असा निकाल दिला आणि त्यावर कोणी अपील केले नाही. दहावीला मला १०० पैकी ९६ गुण मिळाले आणि संस्कृतशी असलेला माझा संबंध तेथेच संपला, असे मी धरून चालले होते. तो पुन्हा जुळला तो वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षी, आणि तोही लॅटिनच्या निमित्ताने.

वनस्पतींची शास्त्रीय नावे लॅटिन व्याकरणाने चालतात, पण आम्हाला ती यादी करून पाठ करायला सांगितली होती. भात म्हणजे ओरायझा सटायव्हा, केशर म्हणजे क्रोकस सटायव्हस, कोथिंबीर म्हणजे कोरिअँड्रम सटायव्हम. वर्गातील बहुतेकांच्या वहीत या नावांच्या शेपट्या अदलाबदल होऊन लाल रेघा पडत. मला मात्र शाळेत घोकलेले 'यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य' आठवले. विशेष्याचे जे लिंग, वचन आणि विभक्ती, तीच विशेषणाची. ओरायझा स्त्रीलिंगी, क्रोकस पुल्लिंगी आणि कोरिअँड्रम नपुंसकलिंगी असल्यामुळे 'लागवडीचा' या अर्थाचे एकच विशेषण तिघांच्या मागे रूप बदलून येते, अगदी शोभनः, शोभना, शोभनम् यांच्यासारखे. त्या दिवसापासून मी नावे पाठ करणे सोडले. पुढे तुतीपाशी, म्हणजे मोरस आल्बा या नावापाशी, मी अडखळले, कारण नाम क्रोकससारखे दिसत असूनही विशेषण स्त्रीलिंगी होते. लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी मानतात, असे उत्तर मिळाले. शब्दाच्या अंत्यावरून लिंग ठरवण्याची घाई करू नये, हे 'देव'सारख्या दिसणाऱ्या 'मित्र' शब्दाने नपुंसकलिंगी निघून शाळेतच शिकवले होते, त्यामुळे ते मला लगेच पटले.

खरा आनंद त्यानंतरचा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये पिंपळाचे वर्णन करताना पानांसाठी 'फोलिइस कॉर्डाटिस' असे शब्द वापरले, म्हणजे 'हृदयाकार पानांनी'. संस्कृतात ज्या ठिकाणी तृतीया आली असती त्या ठिकाणी लॅटिनने येथे आपली पंचमीसारखी विभक्ती वापरली आहे, कारण त्या भाषेत जुनी तृतीया या विभक्तीत मिसळून गेली. व्याकरण शिकताना 'जटाभिस्तापसः' हे उदाहरण येते: जटांवरून ओळखू येणारा तो तापस. ज्या खुणेने वस्तू ओळखू येते त्या खुणेला तृतीया लावावी, असे पाणिनीचे 'इत्थंभूतलक्षणे' हे सूत्र सांगते. पानांवरून पिंपळ आणि जटांवरून तापस ओळखण्याची ही रीत एकच आहे, हे कळले तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसले होते. 'कॉर्डाटिस'मधील 'कॉर्ड' आणि आपला 'हृद्' हे शब्दही मुळात नात्यातले आहेत.

येथे एक सावधगिरी सांगते, कारण पुण्यात हा प्रमाद फार आवडीने केला जातो. लॅटिन संस्कृतातून निघाली असे नव्हे. ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले ते असे की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एखाद्या समान मूळ भाषेपासून आल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आता अस्तित्वात नसेल. त्यांचे नाते बहिणींचे आहे, माय-लेकींचे नाही.

वनस्पतीची नवी जाती प्रसिद्ध करताना लॅटिन वर्णन देण्याची अट २०११ च्या अखेरीपर्यंत होती. २०१२ पासून इंग्रजीही चालते. त्यामुळे आता कोणाला लॅटिन लिहावे लागत नाही, पण जुनी वर्णने वाचावी लागतात. आपल्या मराठी शाळांत लॅटिन नसते, आणि म्हणून रूपे चालवणारी भाषा शिकण्याची संधी बहुतेकांना संस्कृतातच मिळते.

मात्र माझ्या ९६ गुणांबद्दल खरे सांगायला हवे. एका खासगी शिकवणीत आम्हाला भाषांतरे आणि उत्तरे तयार मिळत आणि आम्ही ती जशीच्या तशी उतरवत असू. अकरावीत एकदा कुतूहलाने आपट्यांचा कोश उघडला आणि 'उवाच' हा शब्द 'उ'मध्ये शोधत बसले. तो 'वच्' या धातूखाली असतो, हे तीन वर्षे संस्कृत शिकूनही मला ठाऊक नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी १८९० मध्ये हा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि तो वापरायचा तर पदावरून मूळ शब्दाकडे मागे जाता यावे लागते. नेमकी हीच सवय मला पुढे लॅटिनमध्ये उपयोगी पडली आणि नेमकी हीच शिकवणीत राहून गेली होती.

म्हणून आठवीच्या मुलामुलींना माझे सांगणे इतकेच की केवळ गुणांसाठी घ्यायचे असेल तर संयुक्त घेतले तरी बिघडत नाही, पण वैद्यक, वनस्पतिशास्त्र, भाषाशास्त्र किंवा इतिहास यांपैकी कशाचीही ओढ असेल तर संपूर्ण संस्कृत घ्यावे आणि तयार भाषांतरांची वही पहिले सहा महिने तरी उघडू नये. मे महिन्याच्या सुट्टीत देव, वन, माला आणि नदी हे चार शब्द चालवून घ्यावेत. मग पाठ्यपुस्तकातील पहिल्या धड्याच्या प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने मूळ शब्द, लिंग, विभक्ती आणि वचन लिहावे. पहिल्या दहा ओळींना अख्खी दुपार जाते. पुढच्या दहांना साधारण तासभर पुरतो.